पासावरची जन्मतारीख

बोरी, ता. जिंतूर
११ जून

अपेक्षा,

फोन करू नका, काय असेल ते लिहून पाठवा आणि खाली सही करा, असं तू मंजुषाकाकूला सांगितलंस. त्याप्रमाणे लिहितो. पत्राचा फोटो काकू आज तुला पाठवील, मूळ प्रत पोस्टानं येईल. तुला पाचवा महिना लागला असेल. जिना बेतानं चढत जा. आशीर्वाद लिहावा की नाही या विचारात थोडा थांबलो. तो आहेच असं धर.

आता कामाचं. २४ मेच्या प्रकरणावरून तिकडच्या रेल्वे कंपनीनं दादाच्या नावानं तुझ्या उल्मच्या पत्त्यावर पत्र धाडलंय. साठीच्या वरच्या प्रवाशांची सवलत मिळावी म्हणून किशनरावांनी पासावर खोटी जन्मतारीख टाकली काय, याचा खुलासा त्यांना पंधरा ऑगस्टच्या आत पाहिजे. नाही दिला तर ते पोलिसांत तक्रार देणार. आणि तशी तक्रार तुझ्या वडलांच्या नावावर राहिली तर नोव्हेंबरात तुझ्या बाळंतपणाला दादा-वहिनीला व्हिसा मिळेल याची खात्री नाही, असं तुझं म्हणणं. मला समजलं. सोबत माझं निवेदन जोडलंय, इंग्रजीत, माझ्या हातचं. त्याचा अर्थ असा: 'पास घेताना नजरचुकीने जन्मतारखेची नोंद चुकीची झाली, त्याबद्दल दिलगीर आहोत.' एवढ्यानं भागावं.

पण तुझ्या मनात वेगळंच असणार, की काकांनी माझं ऐकलं असतं तर पासाची भानगडच झाली नसती. तुझा तक्ता माझ्याकडं आहे. तीन माणसं, सहा-सात प्रवास, आधी काढून ठेवलेली साधी तिकिटं स्वस्त पडतात, पास नको, असं तू लिहिलं होतंस. मी हिवाळाभर त्याचा अभ्यास केला होता. सलग दिवसांचा पास वेगळा, महिनाभरात आपल्या सोयीनं दिवस निवडायचा तो वेगळा, एका देशाचा वेगळा, सगळ्या देशांचा वेगळा. आपल्याकडं रिझर्व्हेशन म्हणजे जागा. तिकडं पास म्हणजे नुसती चढायची परवानगी, काही गाड्यांत जागेचं निराळं बघावं लागतं, हे मी दादाला दुकानात कपबश्या मांडून समजावलं होतं. स्वस्तातलं तिकीट असलं आणि गाडी चुकली की तिकीट वाया. पास असला की मागची गाडी धरा. वहिनीचे गुडघे बघता पासच बरोबर होता, आजही माझं मत तेच आहे. मी दहावीनंतर शाळेचं तोंड बघितलं नाही, पण पाण्याच्या जळक्या मोटारी तांब्याच्या तारेनं परत भरायला पुस्तकातून शिकलो, इंग्रजी शब्दकोशातून शिकलो, आणि तुझ्या इंग्रजीचा पाया माझ्या दुकानातल्या बाकड्यावर घातला गेला. एक पास निवडणं काकांना जमणार नाही, असं तू धरून चालायला नको होतंस.

इकडं सगळे ठीक. दादा बसस्टँडवरच्या हॉटेलात रोज एकच गोष्ट सांगतो.

'आमच्या दत्तानं त्या गोऱ्या मॅडमला इंग्रजीत आसं झाडलं, आसं झाडलं, की तिनं सोता आमाला टेशनावर उतरवून दिलं.'

सिताराम म्हणतो, 'उतरवून दिलं म्हंजे हाकलूनच दिलं की किशनराव!'

'आरं हाकललेल्या मानसाला बाकड्यावर बसवून पानी देत्यात व्हय? तू कदी परभनीच्या फुडं गेलास का?'

हॉटेल हसतं. मी मान खाली घालून चहा पितो. लोकांना वाटतं, एवढं करून कसा शांत बसलाय बघा.

तुझा
दत्तराव काका


२४ जून

तुझी ओळ काकूच्या मोबाइलवर आली. 'हे निवेदन चालणार नाही. तारीख कोणी भरली?' एवढीच. ना काका, ना नमस्कार.

नोंद 'झाली' असं मी लिहिलं, त्यात काय चुकलं ते मला कळलं नाही. दुकानात जळकी मोटार घेऊन येणारं एकही गिऱ्हाईक 'मी जाळली' म्हणत नाही. जळाली म्हणतं. मी त्यांना कधी उलटून विचारलं नाही. मोटार उघडली की तारेचे वेढे बघून मला कळतं, पण मी विचारत नाही. माणसाची अब्रू राखायची असते. तुला परक्या देशात जाऊन एवढं शिक्षण मिळालं, हे मात्र कोणी शिकवलं नाही.

यावर काकूनं फोटो पाठवायला नकार दिलाय. म्हणाली, 'हे धाडायचं तर तुमचं तुमी धाडा. माझ्या मोबाइलमधून आसलं जायचं न्हाई.' म्हणून हे नुसतं पोस्टानं. तुला मिळेपर्यंत मी बहुतेक दुसरं लिहिलेलं असेल.

दत्तराव


३ जुलै

अपेक्षा,

तारीख मी भरली. हे वाक्य आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढं लिहिताना मागं सरकता येणार नाही.

आता का भरली ते. जावईबापू शहरातले आहेत, त्यांना हे समजावून सांग. दादा, वहिनी आणि मी, तिघांची कागदावरची जन्मतारीख एक जून. आमच्या वेळी पोराला शाळेत घालायला नेलं की गुरुजी त्याची उंची बघायचे आणि एक जून लिहायचे. अर्धी बोरी एक जूनला जन्मलेली आहे. तुझी काकू अंगणवाडीत आहे, तिला विचार, पोरांच्या आजीआजोबांची आधार कार्डं बघितली की तिला हसू येतं. दादा गुरं राखायचा. नऊ वर्षांचा घोडा झाल्यावर शाळेत गेला, तर गुरुजींनी सहा लावले. म्हणून पासपोर्टवर एक जून १९६७, आणि त्या हिशेबानं त्याला साठी लागायची आहे. खरा तो साठ ओलांडलेला माणूस. तुझी आजी सांगायची, 'पोळ्याच्या दिशी, बैलं मिरवायला निघाली तवा किशन झाला, आन् गावात पहिली यष्टी आली ते साल.' ते साल मी गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून पक्कं केलं, परभणीला जाऊन जुनं पंचांग बघितलं. ६ सप्टेंबर १९६४. दादाला स्वतःची खरी जन्मतारीख माहीत आहे ती माझ्यामुळं. त्या दिवशी दादानं हॉटेलात सगळ्यांना पेढे दिले होते, तू लहान होतीस.

तर पास घेताना जन्मतारखेची चौकट आली. 'पासपोर्टवर असेल तशीच' असं खाली बारीक अक्षरात होतं. मी वाचलं होतं. मी सगळं वाचतो. पण मला वाटलं, खरं माहीत असून खोटं का लिहायचं? चूक गुरुजींची, पासपोर्टनं ती उचलली, आता मीही तीच उचलू का?

हे मी काकूला परवा असंच सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, 'मग वहिनीची खरी तारीख का न्हाई काढली पंचांगातून? सोताची का न्हाई टाकली?'

मी म्हणालो, 'आमची सापडत नाही.'

'सापडंना का शोदली न्हाई?'

मग तीच म्हणाली, 'तुमा दोगांना खऱ्या वयानंबी सूट न्हवती ना.'

ते खरं आहे. पण सवलतीच्या पैशांपेक्षाही खरं कारण तुझा तक्ता. दादाला सवलत धरली की माझे पास तुझ्या तिकिटांपेक्षा थोडे स्वस्त पडत होते. न धरली तर महाग. मी ती बेरीज उलटसुलट करून बघितली होती. तुझं बरोबर होतं हे मला कळलेलं होतं, आणि ते तुझ्या घरी येऊन तुझ्यासमोर मान्य करायची माझी तयारी नव्हती. तुला आठवतं का, पोचल्यावर पहिल्याच जेवणाला मी सांगितलं होतं की पास स्वस्त पडले. तू म्हणालीस, 'असं कसं होईल?' आणि दादा म्हणाला, 'दत्तानं केलंय म्हंजे हुईल.'

एक मात्र ध्यानात घे. दादाला विचारूनच भरली. 'खरी तारीख टाकू का?' म्हणालो तर तो म्हणाला, 'खरीच टाक की.' म्हणजे त्याची संमती होती असं म्हणता येईल. कंपनीला हवं तर तसं कळव. गाडीत पुढं काय झालं ते तुला माहीतच आहे, ते परत लिहीत नाही.

दत्तराव काका


१९ जुलै

अपेक्षा,

तू कंपनीकडून गाडीतल्या तिकीट तपासनीस बाईंचा अहवाल मागवलास आणि त्याचं मराठी करून काकूला धाडलंस. माझ्याकडं धाडला असतास तर मी तो एकट्यानं वाचला असता. काकूनं तो दुकानात येऊन वाचला. गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत थांबली, एवढी तिची मेहरबानी. 'सोबतच्या नातेवाइकाने सांगितले की ही तारीख प्रवाशाने स्वतः दिली आणि सवलतीसाठी दिली.' ती वाचून म्हणाली, 'सोबतचा नातेवाईक म्हंजे कोन? वहिनी तर न्हाई ना?'

मग म्हणाली, 'आता जे लिवाल ते मी वाचनार न्हाई. बिनावाचता फोटो काढून धाडते. तेवढं तरी नीट लिवा.'

तर नीट लिहितो.

तुला बरं नव्हतं म्हणून त्या दिवशी तुम्ही घरी राहिलात आणि आम्ही तिघंच साल्झबुर्गला निघालो. म्युनिकला गाडी बदलली ती मी. फलाट बदलल्याची पाटी वाचली ती मी. वहिनी म्हणाली, 'भावजी न्हसते तर आमी हितंच मेलो आसतो.' गाडीत बसल्यावर दादा पाय वर घेऊन बसला, मी त्याला खाली घ्यायला लावले. समोर एक म्हातारं जोडपं होतं, बाजूला कानात वायरी घातलेली एक पोरगी. त्यांनी आमच्याकडं बघावं आणि बरं मत करून घ्यावं असं मला फार वाटत होतं. का, ते विचारू नकोस.

तपासनीस बाई आल्या. चांगल्या होत्या, हसून बोलल्या. वहिनीचा पासपोर्ट बघितला, माझा बघितला, आणि म्हणाल्या, दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी? मी म्हणालो, तिघांचाही. आमच्या गावात सगळ्यांचाच एक जून. त्या हसल्या, समोरचं जोडपं हसलं. मला मोठं झाल्यासारखं वाटलं, परदेशातली माणसं माझ्या इंग्रजीवर हसली म्हणून. हे सगळं मी बोललो आणि मग त्यांनी दादाचा पास हातात घेतला. तिघांचा एक जून, हे मीच आत्ता सांगितलेलं. पासावर सहा सप्टेंबर.

त्यांनी पास बघितला, पासपोर्ट बघितला, परत पास बघितला. हसू गेलं. मग मला विचारलं, ही तारीख कोणी भरली? साधं वाक्य होतं. ते मला नीट कळलं नव्हतं असं मी मनाशी पुष्कळ दिवस म्हटलं. कळलं होतं, अपेक्षा. तुझ्या त्या एका ओळीत तोच प्रश्न आला तेव्हा मला त्या बाईंचा आवाज ऐकू आला, म्हणून मी तुझ्यावर तेवढा चिडलो.

पोरीनं कानातल्या वायरी काढल्या होत्या. म्हातारा चष्म्यावरून बघत होता. मला त्या वेळी पोलीस, दंड, काही सुचलं नाही. एवढंच सुचलं की ह्या लोकांनी मला अडाणी समजू नये. मी दादाकडं हात केला आणि म्हणालो, 'ही गिव्ह मी धिस डेट. ही इज व्हिलेज मॅन. ही वॉन्ट डिस्काउंट.'

मी दुकानात तुला ज्या चुका दाखवायचो त्या सगळ्या त्या तीन वाक्यांत आहेत.

दादानं मी हात केलेला बघितला. त्याला वाटलं, मी त्याची ओळख करून देतोय. तो उठून उभा राहिला, हात जोडले आणि त्या बाईंकडं बघून हसला. असा हसला, जसा तुझ्या लग्नात वऱ्हाडाला हसत होता. बाईंनी त्याच्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती नजर माझ्या वाट्याची होती. तो त्यांच्यासमोर तसाच हात जोडून उभा राहिला, त्या लिहून घेत होत्या तोवर.

पुढच्या स्टेशनवर उतरायला सांगितलं. दादा म्हणाला, 'आलं का आपलं?' मी म्हणालो, 'गाडीत काही बिघाड आहे. मी बोललो मॅडमशी, आपली सोय करतायत.' वहिनीनं बाकड्यावर दशम्या सोडल्या. दादानं पाण्याची बाटली आधी मला दिली. म्हणाला, 'पी. लय बोललास, घसा कोरडा पडला आसंल.' मी पाणी प्यालो. दशमीही खाल्ली. जावईबापू गाडी घेऊन येईपर्यंत दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला नमस्कार करत होता.

हॉटेलातली जी गोष्ट आहे ती मी त्या बाकड्यावर रचून त्याला दिलेली आहे. तो फक्त सांगतोय.

अजून एक. 'खरीच टाक की' असं दादा म्हणालाच नाही. मी विचारलंच नव्हतं. पास घेतला तेव्हा तो शेतात होता.

सही करतो. खाली काय लिहावं, काका लिहावं का, ते कळत नाही.

दत्तराव


२७ जुलै

अपेक्षा,

तू कळवलंस, की कंपनीला खरं निवेदन द्यायच्या आधी बाबांना खरं सांगा, नाहीतर मी सांगते. तू सांगणं बरं झालं नसतं, म्हणून मी काल गेलो.

दादा अंगणात फवारणीच्या पंपाची नळी साफ करत होता. सोयाबीनवर अळी आहे. वहिनी ओट्यावर तूर निवडत बसली होती. मी उभ्यानंच बोलायला लागलो.

'दादा, गाडीत मी त्या मॅडमला जे बोललो, ते तुला कळलं नाही.'

'मला कशाचं कळायलंय? म्हनून तर तुला नेलं.'

'मी तुझ्यावर घातलं दादा. तारीख मी भरली होती, सांगितलं तू भरायला लावली म्हणून. गाडीत बिघाड नव्हता. त्या तारखेमुळं उतरवलं आपल्याला. आता त्यांचं पत्र तुझ्या नावानं आलंय, त्यापायी नोव्हेंबरचा तुमचा व्हिसा अडू शकतो.'

त्यानं नळी खाली ठेवली. वहिनी म्हणाली, 'काय म्हनायलात भावजी?' दादानं तिला हातानं थांबवलं.

'त्या बाईला काय म्हनलास? इंग्रजीत म्हन.'

'कशाला आता?'

'म्हन. तितं म्हनलास तसंच.'

मी म्हणालो. आपल्या अंगणात, कोंबड्या फिरत होत्या तिथं, उभा राहून तीन वाक्यं म्हणालो. आवाज निघेना तेव्हा दादा म्हणाला, 'जोरात. तितं जोरात बोल्लास.'

परत म्हणालो.

'आता मराठीत. येकेक शब्द.'

'ह्यानं मला ही तारीख दिली. हा खेड्यातला माणूस आहे. ह्याला सवलत पाहिजे.'

दादा म्हणाला, 'आन् मी तवा काय करायलो व्हतो?'

'हात जोडून उभा होतास.'

'हसायलो व्हतो,' दादा म्हणाला. 'मी तितं हसायलो व्हतो, दत्ता.'

एवढं बोलून तो पंप तिथंच टाकून शेताकडं गेला. मी मागं निघालो तर वहिनी म्हणाली, 'थांबा. त्येंच्या मागं जाऊ नका.' आजवर वहिनी माझ्याशी पदर सावरल्याशिवाय बोलली नाही. काल सुपातली तूर सांडली तरी तिचं तिकडं लक्ष नव्हतं. 'माझी पोरगी तितं येकटी बाळंत झाली आसती, भावजी. तुमच्या इंग्रजीपायी. आन् तुमी हितं चहा पीत बसला आसता. मला सांगून काय उपेग? ह्यांनी जितं जितं तुमचं कवतिक केलंय, तितं जाऊन सांगा. येक घर सोडू नका.'

आज सकाळी हॉटेलात गेलो. दादा नव्हता. मी सगळं सांगितलं, तिकडचं बाकडं, दशम्या, सगळं. सिताराम एरवी कोणाला सोडत नाही. या वेळी तो कप ठेवून उठला आणि दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला. टिंगल केली असती तर बरं वाटलं असतं. तिथून शाळेच्या ओट्यावर गेलो, तिथून सोसायटीत. तुझ्या मामाकडं पिंगळीला उद्या जाणार आहे, तिथंही दादानं सांगितलेलं आहे.

दादा आज दुकानावरून दोनदा गेला. रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं.

नोव्हेंबरातली तिकिटं विमानतळापासून तुझ्या दारापर्यंत तूच काढ. पासपोर्ट समोर ठेवून तारखा तूच भर. तुझा तक्ता बरोबर होता, हे मी पहिल्या दिवशी म्हणायला पाहिजे होतं.

निवेदन खाली लिहितो. मराठीत लिहितोय, त्यांच्या भाषेत तू कर. मी इंग्रजीत लिहायला बसलो की वाक्यातला माणूस निसटून जातो, आणि तो माणूस दर वेळी मीच असतो. काही वगळू नकोस. मला सांभाळून घ्यायला म्हणून एकही शब्द मऊ करू नकोस.

'मी दत्तराव शेवाळे, राहणार बोरी, तालुका जिंतूर, जिल्हा परभणी. माझे मोठे भाऊ किशनराव शेवाळे यांच्या पासावरची जन्मतारीख मी भरली. ती पासपोर्टप्रमाणे भरायची असते हे मी वाचलेले होते. सवलतीसाठी मी ती बदलली. माझ्या भावाने मला तसे सांगितले नव्हते आणि मी त्याला विचारले नव्हते. तपासणीच्या वेळी मी त्याच्याकडे हात करून ही तारीख त्याने दिली असे खोटे सांगितले. त्याला इंग्रजी येत नाही. मी काय बोलतो आहे ते त्याला कळणार नाही, हे मला बोलताना माहीत होते.'

सही केली आहे.